कॉम्पॅक्ट कॅमेरा घेताय? आधी सेन्सर बघा

मेगापिक्सेल आणि ३०एक्स झूम असल्या आकड्यांना अजिबात भुलू नका, पहिली गोष्ट बघायची ती सेन्सरची, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपची साईज. स्वस्त कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर जेमतेम ६ बाय ४.५ मिमी असतो, तर ज्याला १ इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८, म्हणजे क्षेत्रफळ चौपट आणि प्रकाशही जास्त, त्यामुळे संध्याकाळी घरात ट्यूबलाईटखाली फोटो काढला की फरक लगेच दिसतो. झूम हवाच असेल तर सोनी आरएक्स१०० मार्क ३ बघा, २४-७० मिमी (साधारण ३एक्स झूम), एफ/१.८-२.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका जास्त प्रकाश आत येतो) आणि वर उघडणारा व्ह्यूफाईंडरपण (डोळा लावून बघायची खिडकी) आहे, उन्हात स्क्रीन दिसत नाही तेव्हा तो फार कामाला येतो. झूमशिवाय चालत असेल तर मात्र मी रिको जीआर ३ च सांगेन, १ इंचीपेक्षाही मोठा एपीएस-सी सेन्सर आणि तरी पँटच्या खिशात मावतो!! फक्त त्यात व्ह्यूफाईंडर आणि फ्लॅश दोन्ही नाहीत.

सेकंडहँड घेताना अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत सोडणारं भोक) जमेल तितकं लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि तो स्क्रीनवर मोठा करून कोपरेसुद्धा बघा, काळपट ठिपके दिसले तर आत धूळ गेलीये, आणि या कॉम्पॅक्टची लेन्स निघत नाही म्हणजे साफ करायला अख्खा कॅमेरा खोलावा लागतो, तो सौदा सरळ सोडा.