विक्री वाढली, मग नफा गेला कुठे?

प्रश्न : माझ्याकडे आरएच, म्हणजे पूर्वीची रिस्टोरेशन हार्डवेअर, या अमेरिकन कंपनीचे थोडे शेअर आहेत. एप्रिल 2025 मध्ये रिझल्ट आला, वर्षाची विक्री वाढलेली होती, आणि दुसऱ्याच दिवशी शेअर 40 टक्के आपटला. श्रीमंतांना सोफे विकणाऱ्या कंपनीलाही मंदी लागते का?

उत्तर : लागते, आणि चांगलीच लागते. मोठं डायनिंग टेबल माणूस राहत्या घरासाठी एकवेळ पुढे ढकलतो, नवीन घर घेतलं की मात्र घेतोच. अमेरिकेत 2021 मध्ये 61 लाखांवर जुनी घरं विकली गेली होती, 2023 मध्ये जेमतेम 41 लाख आणि 2024 मध्ये त्याहूनही थोडी कमी, कारण ज्यांचं होमलोन 3 टक्क्यांच्या आसपास आहे ते घर विकून तेव्हाचं 7 टक्क्यांचं नवं लोन कशाला अंगावर घेतील, बसले घट्ट धरून. त्यामुळे आरएचची 2021 ची 376 कोटी डॉलरची विक्री 2023 ला 303 कोटींवर आली आणि 2024 ला 318 कोटी झाली (त्यांचं वर्ष पुढच्या जानेवारीअखेरच्या सुमारास संपतं). तुम्ही म्हणता ती वाढ एवढीच.

पण माझ्या मते खरी गोम कर्जात आहे. 2021 आणि 2022 मध्ये मिळून कंपनीनं 250 कोटी डॉलरची कर्जं उचलली, तीही फ्लोटिंग रेटची, म्हणजे बाजारातले दर चढले की व्याजही चढणारी, आणि 2022-23 या दोन वर्षांत 200 कोटींपेक्षा जास्त पैसे स्वतःचेच शेअर परत घेण्यात घातले, त्यात 2023 ची खरेदी तर सरासरी 300 डॉलरच्या वरच्या भावानं. बायबॅक म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, शेअर कमी झाले की प्रत्येक शेअरमागची कमाई फुगते, पण उसन्या पैशानं केलं की व्याज मागे लागतंच आणि नेमके तेव्हाच व्याजदर चढत गेले. 2024 ला धंद्यातून साधारण 32 कोटी डॉलर सुटले, त्यातले 20 कोटींहून जास्त व्याजातच गेले, टॅक्स वगैरे जाऊन हातात उरले 7 कोटींच्या आसपास. 2021 ला हाच आकडा जवळपास 69 कोटी होता! मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण दुकानं सुंदर बांधतात हो ही माणसं. शिकागोची 2015 ची गॅलरी (दुकानाला ते हेच म्हणतात) बघा, जुन्या ऐतिहासिक इमारतीच्या अंगणावर काचेचं छत, खाली कारंजं, झुंबरं, मधोमध रेस्टॉरंट. गॅरी फ्रीडमन 2001 मध्ये कंपनीच्या प्रमुखपदी आले आणि त्यांची नजर पक्की आहे, यात वादच नाही.

राहिला तो 40 टक्क्यांचा दिवस. 2 एप्रिलला संध्याकाळी रिझल्ट आला आणि त्याच दुपारी ट्रम्प यांनी टॅरिफ, म्हणजे आयात कर, जाहीर केले होते, व्हिएतनामवर तर 46 टक्के, आणि आरएचचा बराचसा माल आशियातूनच येतो. पुढच्या वर्षाचा अंदाजही बाजाराला कमी वाटला. कर्ज नसतं तर हा फटका सोसला असता, असं मला वाटतं.

ठेवायचे की विकायचे ते तुमचे पैसे कधी लागणारेत त्यावर आहे, ते मी कसं सांगू. फक्त पुढच्या रिझल्टला विक्रीवर थांबू नका, खाली इंटरेस्ट एक्स्पेन्सची, म्हणजे व्याजखर्चाची, ओळ शोधा आणि ऑपरेटिंग इन्कमशेजारी, म्हणजे व्याज-टॅक्सआधी धंद्यातून सुटलेल्या पैशाशेजारी, ठेवून बघा.