समोरून की मागून? बाँबफेकी विमानांवरील हल्ल्यांविषयी

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमाने अमेरिकेच्या मोठ्या बाँबफेकी विमानांवर थेट समोरून चाल करून जात असत, असे वाचनात आले. मागून गेल्यास नेम धरायला भरपूर वेळ मिळतो. मग धडक होण्याचा धोका पत्करून समोरून जाण्याचे कारण काय?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : मागून गेल्यास वेळ मिळतो हे आपले म्हणणे खरे आहे, परंतु तो वेळ दोन्ही पक्षांना मिळतो आणि सारा पेच तेथेच आहे. पुणे-सातारा रस्त्यावर पुढच्या ट्रकला मागे टाकताना तो कितीतरी वेळ आपल्या शेजारीच रेंगाळतो, पण समोरून येणारी गाडी पापणी लवते न लवते तोच निघून जाते, हे आपण अनुभवले असेलच. हवेतही तसेच घडते. लढाऊ विमान बाँबफेकी विमानापेक्षा ताशी १०० किलोमीटर अधिक वेगाने मागून येत असेल, तर ८०० मीटरपासून २०० मीटरपर्यंत जवळ यायला त्याला वीस सेकंदांहून अधिक वेळ लागतो आणि तेवढा वेळ ते शेपटीतील मशीनगनधाऱ्याला जवळजवळ स्थिर दिसत राहते. शिवाय बी-१७ हे अमेरिकेचे बाँबफेकी विमान एकटे नसे. ही विमाने वर-खाली व आजूबाजूला अशा बेताने उडत की प्रत्येकाच्या १२.७ मिलिमीटरच्या मशीनगन शेजाऱ्याचेही रक्षण करीत, त्यामुळे मागून येणाऱ्या एका वैमानिकावर अनेक विमानांतून एकाच वेळी गोळ्यांचा वर्षाव होई.

या रचनेतील उणीव एगॉन मायर या जर्मन अधिकाऱ्याने हेरली. बी-१७ च्या तेव्हाच्या आवृत्तीत नाकाकडील मारा दुबळा होता आणि तिकडून येणाऱ्या गोळ्यांपासून दोन्ही वैमानिकांना फारसे चिलखती संरक्षण नव्हते. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी फ्रान्समधील सँ-नाझेर येथील पाणबुडी-तळावर अमेरिकी विमाने आली, तेव्हा मायरने आपल्या तुकडीसह समोरून हल्ला केला आणि त्याचा अंदाज खरा ठरला. जर्मनांच्या हिशेबानुसार मागून मारा करून असे विमान पाडायला २० मिलिमीटर तोफेचे सरासरी वीस गोळे लागत. समोरून चार-पाच पुरत, कारण ते थेट वैमानिकांवर किंवा इंजिनांवर येऊन आदळत.

मात्र या पद्धतीची किंमत मोठी होती आणि युद्धकथांत तिचा उल्लेख फारसा येत नाही याची मला खंत वाटते. दोन्ही विमानांच्या वेगांची बेरीज ताशी ८०० किलोमीटर धरली, तर ५०० मीटरपासून १०० मीटरपर्यंतचे अंतर दोन सेकंदांच्या आत संपते. तेवढ्यात नेम धरायचा, गोळ्या झाडायच्या आणि समोरच्या पंखांना न धडकता वरून किंवा खालून निसटायचे. ज्याच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय होती त्याला हे साधे; शिकून नुकताच आलेला तरुण मात्र फार लांबूनच गोळीबार सुरू करी किंवा घाईने वळे. त्यात एकदा आरपार गेल्यावर दुसऱ्या हल्ल्यासाठी पुन्हा ताफ्याच्या पुढे जावे लागे. त्याकरिता माऱ्याच्या टप्प्याबाहेरून समांतर उडत बरेच अंतर कापावे लागे आणि इंधन तेवढ्यातच खर्ची पडे.

पुढे अमेरिकनांनी बी-१७ जी या आवृत्तीत नाकाखाली दोन मशीनगनचा फिरता बुरूज बसवला. जर्मनांनीही पवित्रा बदलला : १९४४ मध्ये जाड चिलखत चढवलेली आणि ३० मिलिमीटर तोफा बसवलेली फोके-वुल्फ १९० विमाने दाट फळी करून पुन्हा मागूनच येऊ लागली, कारण या तोफेचे सरासरी तीन गोळेही बाँबफेकी विमानाला पुरे होत. पण या ओझ्याने ती जड व मंद झाली आणि त्यांना सांभाळायला हलक्या विमानांचे कडे लागू लागले. त्याच वर्षी अमेरिकेची लांब पल्ल्याची मस्टँग लढाऊ विमाने बाँबफेकी ताफ्याला चिकटून न राहता पुढे जाऊन शत्रूला हुडकू लागली होती; त्यामुळे जर्मनांची फळी बांधून होण्यापूर्वीच विस्कटू लागली. माझ्या मते समोरून की मागून या वादाचा निकाल तोफांपेक्षा या मस्टँग विमानांनीच अधिक लावला.

प्रश्न : रात्रीच्या वेळी कोणती पद्धत वापरीत? आपल्या देशात असे काही घडले होते का?
– एक वाचक, येरवडा, पुणे

उत्तर : होय. डिसेंबर १९४२ पासून जपानी विमाने रात्री कलकत्त्यावर बाँब टाकू लागली, तेव्हा ब्रिटिशांनी रडार बसवलेली ब्यूफायटर विमाने तेथे आणली. जानेवारी १९४३ मध्ये प्रिंग या वैमानिकाने एकाच रात्री तीन जपानी बाँबफेकी विमाने पाडली. रात्री समोरून जाणे जवळजवळ अशक्यच, कारण रडारवर दिसलेला ठिपका डोळ्यांना दिसेपर्यंत दोन्ही विमाने एकमेकांना ओलांडून गेलेली असत. म्हणून रात्रीचे वैमानिक वेग जुळवून मागून आणि किंचित खालून सावकाश जवळ येत : खालचे विमान काळ्या जमिनीवर दिसत नाही, वरचे मात्र ताऱ्यांच्या उजेडात सावलीसारखे उठून दिसते. युरोपात जर्मनांनी याच युक्तीला आणखी धार दिली आणि पाठीवर तिरक्या, वर रोखलेल्या तोफा बसवल्या. ब्रिटिशांच्या लँकॅस्टर या बाँबफेकी विमानांना पोटाखाली बहुधा मशीनगनच नसे, त्यामुळे आपल्यावर हल्ला कोठून झाला हे त्यातील अनेकांना अखेरपर्यंत कळले नाही.