‘अ रिड्यूसेस टू ब’: मराठीत काय म्हणावं, आणि अवघड कोण?

प्रश्न असा आला आहे: कॉम्प्युटर सायन्समधलं ‘प्रॉब्लेम अ रिड्यूसेस टू ब’ (म्हणजे ब सोडवता आला की त्याच्या मदतीने अ ही सुटतो) हे वाक्य ‘अ ची ब मध्ये घट होते’ असं लिहिलं तर चालेल का? आणि त्यात जास्त अवघड कोण?

‘घट’ नको. घट म्हटलं की काहीतरी लहान झालं असं वाटतं, आणि इथे बऱ्याचदा प्रश्न फुगतो. ‘क्षपण’ हा रसायनशास्त्राचा शब्द, ऑक्सिडीकरणाचा जोडीदार. तो तिथेच बरा. नाम हवं असेल तर ‘बहुपदी वेळेतलं रूपांतर’ लिहा. बहुपदी शाळेच्या गणितातूनच ओळखीची आहे; बहुपदी वेळ म्हणजे पावलांची संख्या आदानाच्या (दिलेल्या माहितीच्या) लांबीच्या एखाद्या बहुपदीपेक्षा जास्त होत नाही. वाक्यात मात्र मी ‘सोपवणे’ वापरेन: अ हा प्रश्न ब वर सोपवता येतो. ज्याच्यावर काम सोपवलं तो निदान तेवढा तरी समर्थ हवा, म्हणजे ब हा अ इतका तरी अवघड. दिशा क्रियापदातच आली.

आणि घोळ दिशेचाच होतो. सॅट हा अवघड समजला जाणारा प्रश्न घ्या: दिलेल्या सूत्रातल्या अक्षरांना खरं-खोटं ठरवून ते सूत्र खरं करता येतं का? पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत ‘माझा प्रश्न सॅटवर सोपवला, म्हणून तो अवघड’ असं उत्तर दिलं तर परीक्षक पुढचा प्रश्न विचारणारच. स्वारगेटहून शनिवारवाड्याला जायचा सर्वांत जवळचा रस्ता शोधणंही सॅटवर सोपवता येतं, आणि ते काम तर डायक्स्ट्राच्या पद्धतीने चुटकीसरशी होतं. आपला प्रश्न अवघड ठरवायचा तर सॅट त्याच्यावर सोपवायला हवा.

तो ‘एकमेकांना न जोडलेले ठरावीक इतके बिंदू निवडता येतात का’ या प्रश्नावर कसा सोपवतात ते पाहा. सूत्र आहे: (य किंवा र किंवा ल) आणि (य-नाही किंवा र किंवा ल-नाही). प्रत्येक कंसासाठी तीन बिंदू काढून त्यांचा त्रिकोण जोडायचा. मग एकमेकांविरुद्धचे बिंदू जोडायचे: य ला य-नाही, ल ला ल-नाही. सहा बिंदू, आठ रेषा. आता प्रश्न: एकमेकांना न जोडलेले दोन बिंदू निवडता येतात का? कंस म असतील तर बिंदू ३म, आणि निवडायचे म. सूत्र खरं करता येत असेल तर प्रत्येक कंसातला एक खरा बिंदू उचला. उलट, असे म बिंदू मिळाले तर त्रिकोणामुळे प्रत्येक कंसातून एकच आलेला असतो. त्यांना खरं माना, सूत्र खरं होतं. ही उलटी बाजू लिहायची राहिली तर सिद्धता अर्धीच. आणि विरोधाच्या रेषा विसरलात तर य आणि य-नाही दोन्ही निवडले जातात, मग प्रत्येक सूत्राला ‘हो’ असंच उत्तर येतं.

‘बहुपदी वेळेतलं’ हे विशेषण गाळू नका. वेळेचं बंधन नसेल तर रूपांतर करतानाच मूळ प्रश्न सोडवून टाकता येतो आणि पुढे ब ला एक ठरलेलं ‘हो’वालं किंवा ‘नाही’वालं उदाहरण दिलं की झालं, मग तुलनेला अर्थच राहत नाही. वेळ मोजायची ती आदानाच्या लांबीवर. आदानात २०० अंकी संख्या असेल तर लांबी २०० अंक; त्या लांबीच्या बहुपदीइतकी पावलं चालतील, त्या संख्येएवढी नाहीत.

जाता जाता: एनपी म्हणजे ‘बहुपदी नसलेले’ नव्हे. ‘हो’ या उत्तराचा पुरावा हातात दिला तर तो बहुपदी वेळेत तपासता येतो, असे ते प्रश्न. एनपी-कठीण प्रश्न (ज्याच्यावर एनपीतला प्रत्येक प्रश्न सोपवता येतो) स्वतः एनपीत असेलच असं नाही (दिलेला प्रोग्रॅम कधी थांबेल का, हा हॉल्टिंग प्रॉब्लेम एनपीत नाही), एनपी-पूर्ण असतोच. आणि एनपीसारख्या प्रश्नांच्या ‘क्लास’ला ‘वर्ग’ लिहिताना जवळपास ‘न चा वर्ग’ (न²) आला तर वाचक अडखळतो, तिथे वाक्य फिरवा.

‘रूपांतर’ आणि ‘सोपवणे’ यांत एक फरक सांभाळा. संगणकशास्त्रज्ञ स्टीफन कुक यांच्या १९७१च्या व्याख्येत ब ला कितीही वेळा विचारून, उत्तरांवर पुढे काम करता येतं, फक्त एकूण वेळ बहुपदी हवा. रिचर्ड कार्प यांनी १९७२मध्ये २१ प्रश्न एनपी-पूर्ण असल्याचं दाखवलं, त्यात ब ला एकदाच विचारायचं आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं घ्यायचं. ‘हे सूत्र नेहमीच खरं असतं का?’ हा प्रश्न कुक यांच्या रीतीने सॅटवर सहज सोपवता येतो: सूत्राचा नकार सॅटला द्या आणि आलेलं उत्तर उलटं करा. कार्प यांच्या रीतीत ते उलटं करायची मुभा नाही. म्हणून ‘सोपवणे’ दोन्हींसाठी चालेल, ‘रूपांतर’ कार्प यांच्यासाठी राखून ठेवा.