शुक्रवारी नॉयश्वानस्टाइन करून लगेच टेगेलबर्ग? आधी तिकिटावरची वेळ बघा

"आम्ही पाच जण, म्युनिकहून बायर्न-तिकीट, शुक्रवारी साडेदहाचा नॉयश्वानस्टाइनचा स्लॉट, मग चालत टेगेलबर्ग आणि रात्री परत" हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळाच आला. चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्हीही पाच जण, आणि प्लॅन अगदी हाच: जर्मनीत बव्हेरियातला नॉयश्वानस्टाइन कॅसल ठरलेल्या वेळेला (म्हणजे स्लॉटला) आतून बघायचा, मग शेजारचा टेगेलबर्ग डोंगर चढायचा.

जॅकेट, पाणी, शूज वगैरे तुम्हाला कळतंच, ते सोडतो. बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरियातल्या लोकल गाड्यांचं एका दिवसाचं ग्रुप तिकीट, सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच चालतं! शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी ही भानगड नाही. आमचं मूळचं शनिवारचंच ठरलेलं, एकाच्या फ्लाइटमुळे शुक्रवारवर आलं, कॅसलची तारीख बदलली आणि ट्रेनचं काय, तिकीट तेच, फक्त दिवस वेगळा असं म्हणून मी ते बघितलंच नाही. हो, ते काम माझ्याकडे होतं, ग्रुपवर अजूनही ऐकवतात. सकाळी साडेसहाला प्लॅटफॉर्मवर एकाने तिकिटावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता हिशोब करा. ९ नंतरची गाडी, कॅसलजवळच्या फ्यूसेन गावापर्यंत साधारण दोन तास, तिथून कॅसलच्या पायथ्याच्या होहेनश्वानगाउची बस, मग चढ चालत अर्धा-पाऊण तास. बारा वाजून गेलेच. आणि हा काही आपला राजगड नाही की कधीही पोचा आणि वाटेल त्या माचीवर पाय सोडून बसा, इथे तिकिटावर वेळ छापलेली असते, गाइडबरोबर अर्ध्या तासाची चक्कर, आणि ती वेळ गेली की तिकीट गेलं.

त्याच वेळी ट्रेनची पाच साधी तिकिटं काढून सुटलो असतो, पण पैशांकडे बघून थांबलो, कारण वाटलं स्लॉट पुढे ढकलून मिळेल. कॅसलची तिकिटं अधिकृत साइटवर संपलेली म्हणून एका एजन्सीकडून जवळजवळ दुप्पट भावात घेतलेली, नाव घेत नाही. सात वाजता, म्हणजे स्लॉटच्या साडेतीन तास आधी फोन केला, वीस मिनिटं संगीत ऐकवलं, मग बाई म्हणाल्या ईमेल करा, ईमेल केला तर नऊ दिवसांनी उत्तर आलं की वेळ उलटून गेल्यामुळे काही करता येणार नाही. अहो, वेळ उलटायच्या आधीच तर विचारलं होतं! पुढे सहा ईमेल झाले, प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि तोच परिच्छेद. पैसे शेवटपर्यंत मिळाले नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत, अधिकृत साइटवर जागा नसेल तर तारीख बदला, एजन्सीच्या नादी लागू नका.

पुढचं थोडक्यात. कॅसल मरिएनब्र्युके पुलावरून बाहेरूनच बघितला आणि दीड वाजता तिथूनच टेगेलबर्ग चढायला लागलो, सह्याद्रीत एवढे गड केलेत, १८८१ मीटरचं काय घेऊन बसलात या गुर्मीत. वाट उभी आहे, काही ठिकाणी बाजूला सरळ दरी, आदल्या दिवशीच्या पावसाने दगड निसरडे. वर केबल कारपाशी पोचलो तर शेवटची गेलेली. तिथून खाली जवळजवळ ९०० मीटर उतार, पाच जणांत एक हेडटॉर्च. एकाचा गुडघा महिनाभर दुखत होता. वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर जो वेळ लिहितात त्यात थांबे आणि फोटो धरलेले नसतात, हे तेव्हा कळलं.

मी काही गाइड नाही, गाड्यांच्या आणि केबल कारच्या वेळा बदलतात, स्वतः तपासा. पण मी असतो तर गुरुवारी रात्रीच फ्यूसेनला मुक्काम केला असता, सकाळचा पहिला स्लॉट, मग पुलावरून वर चढून केबल कारने खाली. स्लॉट दुपारचा मिळाला तर हाइक विसरा, आल्पसे तळ्याभोवती निवांत फिरा, तेही सुंदर आहे. मुक्काम नको असेल तर शनिवार घ्या, किंवा सगळ्यांकडे डॉइचलांड-तिकीट (देशभरातल्या लोकल गाड्यांचा महिन्याचा पास) असेल तर ९ चा प्रश्नच येत नाही. बर्फ असला की पूल बंद ठेवतात, तेही आधी बघा.

अजून एक, मोठी सॅक कॅसलमध्ये नेऊ देत नाहीत आणि हाइकचं सामान तर त्यातच असतं, तेव्हा छोट्याच बॅगा घ्या. आत फोटोही काढू देत नाहीत. मी शेवटी दोन वर्षांनी आत गेलो, सिंहासनाच्या दालनात सिंहासनच नाही. राजा दुसरा लुडविग याने हा कॅसल लोकांपासून लांब राहायला बांधला, १८८६ च्या जूनमध्ये तो वारला आणि काही आठवड्यांतच तिकीट लावून लोकांना आत सोडलं, ती रांग अजून चालूच आहे.

तुमचा स्लॉट बुक झालाय की नुसता ठरलाय? झाला नसेल तर आजच शनिवारचं बघा.