भंगाराचा डबा: रणगाड्यांच्या उरलेल्या भागांचं टेबलावर काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेबलावरच्या युद्धखेळासाठी १/७२ मापाची (खऱ्या रणगाड्याच्या बहात्तराव्या हिश्श्याची) पाच-सहा किट जोडून झाल्यावर चाकं, ट्रॅकच्या (साखळीपट्ट्याच्या) कड्या, झाकणं, दोन टरेट (तोफेचे फिरते मनोरे) आणि मूठभर जेरीकॅन (इंधनाचे डबे) उरलेत, त्यात कुणीतरी दिलेले १/३५ चे मोठे भागही मिसळलेत. फेकवत नाहीत, पण खेळात त्यांचा उपयोग काय?

उपयोग भरपूर आहे. फक्त फेविक्विकला हात लावण्याआधी ठरवा की हा तुकडा टेबलावर आडोसा होणार, उद्दिष्ट (जिंकायची जागा) होणार की खूण. ते न ठरवता चिकटवलं की देखणा ढिगारा तयार होतो आणि ऐन खेळात तोच हाताला अडतो.

आधी मापानुसार वेगळं करा. १/३५ चे भाग बाजूला टाकू नका, पण त्यांना नाव बदलून वापरा. खरा जेरीकॅन साधारण ४७ सेंमी उंच. १/३५ मध्ये तो सव्वातेरा-साडेतेरा मिमी होतो, आणि तोच १/७२ च्या सैनिकाशेजारी ठेवला की जवळजवळ मीटरभर उंचीची टाकी दिसते. हँडल कापा, वर एक झाकण लावा, झाली डिझेलची टाकी. ४ मिमी जाड तोफेची नळी १/७२ मध्ये सुमारे २९ सेंमीचा पाइप होतो. तीन नळ्या शेजारी ठेवल्या की रस्त्याखालची मोरी तयार.

सगळ्यात जास्त कामाला येते ती ‘ट्रॅक तुटला’ ही खूण. बहुतेक नियमांत गाडी जागेवर अडकल्याचं दाखवावं लागतं आणि लोक तिथे फासा ठेवतात. त्याऐवजी १५ × ६० मिमीच्या पट्टीवर ट्रॅकचा तुकडा सपाट पसरून चिकटवा, टोकाला एक रोड व्हील (ट्रॅकच्या आतलं चाक) आडवं टाका. चालत्या गाडीचा ट्रॅक तुटला की तो तिच्या मागे, तिच्याच रेषेत पसरत जातो, म्हणून गुंडाळी करून ठेवलेला ट्रॅक खोटा दिसतो. इथे एक गोष्ट हमखास फसते. रबरासारखे मऊ ट्रॅक प्लास्टिक सिमेंटने चिकटत नाहीत, त्यांना फेविक्विकच लागतं, आणि प्रायमर नसेल तर रंग वाकवताच पापुद्र्यासारखा सुटतो. शिवाय काही मऊ ट्रॅकमधलं रसायन कडक प्लास्टिकला हळूहळू खातं. डब्यात दोन्ही एकत्र ठेवले की वर्षभराने चाकांवर चिकट खड्डे पडलेले दिसतात. वेगळ्या पिशवीत ठेवा.

आता जळालेली गाडी. उरलेली हल (गाडीचं खालचं धड) असेल तर हिच्यावर वेळ घालवण्यासारखा आहे. बेसचं माप जिवंत गाडीइतकंच ठेवा: खरा शर्मन रणगाडा सुमारे ५.८ मीटर लांब, म्हणजे १/७२ मध्ये ८ सेंमीच्या आसपास, तेव्हा ९० × ४५ मिमी पुरे. बेस याहून मोठा झाला की आडोसा कुठे संपतो यावरून भांडण ठरलेलं. आग लागली की रोड व्हीलवरचं रबर जळून जातं आणि सस्पेन्शन बसतं, म्हणून चाकांचा घेर अर्धा मिमी तासा, खालची बाजू मिमीभर कापा. गाडी जमिनीत बसल्यासारखी दिसली पाहिजे. नुसत्या रंगाने हा परिणाम येत नाही, आणि नवखे नेमकं हेच विसरतात. टरेट कायमचं चिकटवू नका. हलमध्ये आणि टरेटखाली ३ मिमी व्यासाचं एकेक चुंबक बसवा, एम-सीलने दाबा, पण सुकण्याआधी दोन्हींचे ध्रुव जुळवून बघा. उलटे बसले तर एम-सील फोडण्याशिवाय इलाज नाही.

रंगात सगळीकडे नारिंगी फासू नका. जालन्याला सळईच्या कारखान्यांकडे जाणारे भंगाराचे ट्रक नीट बघा: जुना पत्रा गडद तपकिरी असतो, नारिंगी दिसतो तो कडांना आणि पाणी ओघळलेल्या जागी. इंजिन जळालं असेल तर मागचा भाग तपकिरी, समोर मूळ हिरवा तसाच, झाकणांभोवती काजळी आणि चाकांवर राखेचा फिका करडा हात. वॉश (खाचांत मुरणारा पातळ रंग) पातळ करायला बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की वाळल्यावर काळ्या रंगावर पांढरे डाग उठतात. फिल्टरचं पाणी घ्या.

धुरासाठी कापूस नको. कापसाच्या मुलखात राहून हे म्हणणं जिवावर येतं, पण रंगाचं पाणी लागलं की कापूस बसतो आणि वातीसारखा दिसतो. उशीत भरतात तो पॉलिस्टरचा धागा फुगलेला राहतो. बुंध्याला काळा, वर करडा रंग द्या आणि २५ मिमीच्या वॉशरवर उभा करा, म्हणजे कुठल्याही गाडीवर ठेवता-उचलता येईल.

सुट्या टरेटचा दुसरा मार्ग म्हणजे जमिनीत गाडलेला मोर्चा. ही कल्पनेतली गोष्ट नाही. १९४४ मध्ये जर्मनांनी इटलीत पँथर रणगाड्याचे टरेट पोलादी चौथऱ्यांवर बसवले होते. ६० × ६० मिमीचा एमडीएफ, मधे टरेटच्या रिंगइतकं भोक, कडेने एम-सीलचा उतार. उतार टरेटच्या खालच्या कडेपर्यंतच आणा, नाहीतर ते फिरणार नाही. मातीसाठी मुरूम चहाच्या गाळणीतून चाळून फेविकॉलवर टाका. काळी माती थेट वापरलीत तर फेविकॉलचं पाणी पिऊन ती फुगते आणि वाळताना तडे देते. वैशाखातलं रान दाखवायचं असेल तर तेच तडे कामाचे, पण मोर्च्याच्या उतारावर ते नकोत.

स्प्रूही (किटचे भाग ज्याला जोडून येतात ती प्लास्टिकची चौकट) टाकू नका. पातळ प्लास्टिक सिमेंटच्या बाटलीत एक तृतीयांशपर्यंत बारीक तुकडे भरून रात्रभर ठेवलं की फटी बुजवायचा लगदा मिळतो. थर्मोकोलला मात्र तो लावू नका, क्षणात विरघळतो. अँटेनासाठी स्प्रू मेणबत्तीच्या ज्योतीच्या ३-४ सेंमी वर फिरवत धरा, मधे लवला की बाजूला घ्या, एक अंक मोजा आणि ओढा. झटकन ओढलं तर तार बारीक, सावकाश ओढलं तर जाड. पंखा बंद ठेवा, खिडकी उघडी ठेवा.

जेरीकॅन, फावडी, झाकणं यांचा फार विचार नको. २५ मिमीच्या बेसवर तीन-चार वस्तू मिळून एक उद्दिष्ट होतं. गाडीच्या पुढच्या चिलखतावर ट्रॅकच्या जादा कड्या जरूर लावा, पण नियमांत त्याबद्दल बोनस मागू नका.

फेविक्विकबद्दल एवढंच: ते हवेतल्या ओलाव्याने धरतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उशीर लावतं, तेव्हा जोडण्याआधी जागेवर तोंडाची वाफ मारा. पावसाळ्यात उलट, सांध्याभोवती पांढरं पूट चढतं. थेंब लहान घ्या, वारं खेळतं ठेवा.

शेवटी, कुठला भाग कुठल्या टेबलावर शोभतो ते बघा. तुम्ही नळदुर्गचा, म्हणजे हैदराबादच्या पोलीस ॲक्शनमधला, डाव मांडणार म्हणालात. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून आलेल्या भारतीय तुकडीने बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि चिलखती गाड्या त्याच दिवशी उमरग्यापर्यंत गेल्या. तिथे उद्दिष्ट पूल हेच. त्या वर्षी भारतीय सैन्याकडे शर्मन आणि स्टुअर्ट रणगाडे होते, त्यामुळे शर्मनची बोगी (चाकांच्या जोडीचा सांगाडा), चाकं, जेरीकॅन चालतील. पँथरची एकावर एक चढलेली चाकं मात्र दुरूनही ओळखू येतात, ती डब्यातच राहू द्या. आणि रस्त्याकडेला फार तर एकच मोडकी गाडी ठेवा. मोडक्या गाड्यांनीच रस्ता अडवलात तर एका दिवसात उमरगा गाठायचं कुणी?