१० मीटरवर पिस्तुलाचा नेम बरा लागतो, ५० मीटरवर गोळ्या विखुरतात. काय करू?

नजर लक्ष्यावरून काढून पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर रोखा. लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल. दोन्ही साइट्समध्ये २० सेंमी अंतर असेल आणि पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत १ मिमी सरकली, तर १० मीटरवर गोळी ५ सेंमी भरकटते, ५० मीटरवर २५. तिथला दहा गुणांचा गोल जेमतेम ५ सेंमीचा! अख्खा हात समांतर १ मिमी हलला, तर गोळीही तेवढीच हलते, त्याला घाबरू नका. घात करतो तो ट्रिगरचा झटका, त्याने पुढची साइट खाचेत सरकते. नागपुरात नवोदितांना शिकवताना म्हणूनच मी आधी कोऱ्या कागदावर नेम धरायला लावतो, म्हणजे नजर साइटवरच राहते. फक्त मे महिन्यात उघड्या रेंजवर दुपारी उन्हाच्या झळांनी लक्ष्यच थरथरतं. तेव्हाच्या गोळ्या बघून साइट फिरवू नका.