५ किलोवॅट सोलरला वेगळा डीसी आयसोलेटर लागतो का, आणि कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरला वडिलांच्या गच्चीवर ५४० वॅटची १० पॅनेल, एकच स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलची माळ), आणि पॅनेलच्या डीसी विजेची घरातली एसी वीज करणारा ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर जिन्याखाली. डीसीडीबीत, म्हणजे डीसी बाजूच्या जोडणीच्या डब्यात, ६३ अँपचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) बसवलाय आणि इन्स्टॉलर म्हणतो, "इन्व्हर्टरला स्विच आहेच, आयसोलेटर कशाला?" आयसोलेटर म्हणजे पॅनेलकडून येणारी वीज हाताने तोडायचा स्विच. गेली बारा वर्षं अकोला-अमरावतीकडे हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आयसोलेटरचं नंतर, आधी तो एमसीबी बघा. त्यावर २४०/४१५ व्होल्ट आणि पुढे नागमोडी रेघ छापली असेल, तर तो घरातल्या पंख्या-दिव्यांचा एसी एमसीबी आहे. तसा असेल तर उन्हात त्याचा खटका अजिबात पाडू नका. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीला शून्य नाही. ५०० व्होल्टवर दोन संपर्कांमध्ये एकदा आर्क, म्हणजे न विझणारी ठिणगी, पेटला की ऊन आहे तोवर पॅनेल त्याला खाऊ घालत राहतात. आणि ६३ अँपचा एमसीबी तुमच्या स्ट्रिंगवर ट्रिप होईल ही आशाच सोडा. पॅनेलचा चालू करंट १३ अँप, शॉर्ट झाल्यावरचा फार तर १४. त्याला कळणारच नाही की काही बिघडलंय. बदलायचा असेल तर आधी एसी बाजू बंद करा, इन्व्हर्टर थांबू द्या, आणि काम अंधार पडल्यावर करून घ्या.

डीसी एमसीबी असला तरी सगळं आलबेल असतं असं नाही. एका मे महिन्यात अकोल्यात एका घरी बोलावलं होतं. पॅनेल धुवायची म्हणून मालकांनी भर दुपारी एक वाजता डीसी एमसीबी खाली पाडला. आतून चर्र आवाज सुरू झाला तो थांबेचना, पाठोपाठ डबा वितळायला लागला. मी नंतर तो एमसीबी फोडून पाहिला. आर्क विझवणाऱ्या पत्र्या कोऱ्या करकरीत होत्या आणि उलट बाजूचं प्लास्टिक जळून कोळसा झालं होतं. अशा एमसीबीत लहान चुंबक असतं. ते ठिणगीला ठरलेल्या दिशेने पत्र्यांकडे ढकलतं. त्याच्यावर अधिक-उणे छापलेलं असतं, आणि वायरमनने वायरी उलट जोडल्या होत्या, म्हणून चुंबकाने आर्क नेमका विरुद्ध दिशेला ढकलला. तेव्हापासून मी डीसीला अधिक-उण्याचं बंधन नसलेला, फिरवायच्या मुठीचा आयसोलेटरच लावतो.

आता निवड. पुढे मोठ्या अक्षरात "१००० व्होल्ट ३२ अँप" लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. बाजूची पाटी किंवा कंपनीचा तक्ता वाचा. त्यावर आयईसी ६०९४७-३ हे मानक आणि डीसी-पीव्ही१ किंवा डीसी-पीव्ही२ हा वर्ग हवा. नुसतं डीसी-२१ असेल तर तो सोलरसाठी तपासलेला नाही, परत करा. एकाच स्ट्रिंगला पीव्ही१ पुरतो. अनेक स्ट्रिंग एकत्र येत असतील तर उलटा करंट येऊ शकतो, तिथे पीव्ही२ घ्या.

मग तुमचा हिशेब. पॅनेलमागच्या स्टिकरवरचा ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच जोडलेलं नसतानाचा) ४९.५ धरला तर दहांचे ४९५ व्होल्ट. हा आकडा २५ अंशांचा आहे. थंडीत व्होल्टेज वाढतो, अंशाला साधारण ०.२८ टक्के. नागपूरची गारठ्याची पहाट ५ अंश धरा, म्हणजे सुमारे ५२३ व्होल्ट. करंट: शॉर्ट सर्किटचे १३.९ गुणिले १.२५, म्हणजे जवळपास साडेसतरा. तेव्हा १६ अँपचा कमी पडतो. ६०० व्होल्टवर, पीव्ही१ वर्गात, किमान २५ अँप दाखवणारा घ्या. एकाच स्विचचा ३०० व्होल्टला ३२ अँप आणि १००० व्होल्टला त्याच्या निम्म्याहून कमी, असं तक्त्यात सर्रास दिसतं. चार पोल (आतल्या संपर्कांच्या जोड्या) असतील तर कोणते पोल सिरीजमध्ये जोडल्यावर तो आकडा मिळतो, हेही तिथेच असतं. मधल्या पत्रीच्या जोडण्या वायरमन विसरला तर रेटिंग कागदावरच राहतं. अधिक आणि उणे दोन्ही तुटायला हवेत, कारण आपल्याकडच्या बिनट्रान्सफॉर्मरच्या इन्व्हर्टरला कुठलीही बाजू अर्थिंगला जोडलेली नसते.

इन्स्टॉलर अर्धा बरोबर आहे. इन्व्हर्टरचा स्वतःचा स्विच याच मानकाचा असेल तर रोजच्या वापराला चालतो. पण इन्व्हर्टर दुरुस्तीला काढला की तो स्विचही त्याच्यासोबत गेला, आणि जिन्याखाली ५०० व्होल्टच्या जिवंत वायरी लोंबकळत राहिल्या. घरात वडील, कदाचित नातवंडं. म्हणून इन्व्हर्टरशेजारी, सावलीत, कुलूप लावता येणारा वेगळा आयसोलेटर बसवाच.

गच्चीवर मात्र उगाच बसवू नका. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून छतावर डीसी आयसोलेटर सक्तीचा होता. डब्यांत पाणी शिरून तेच पेटायला लागले आणि २०२१ च्या मानकात ती सक्ती काढली. आपल्याकडे तर आधी मे महिन्याचं ऊन, मग श्रावणाचा पाऊस. बसवावाच लागला तर आयपी६६ (धूळ-पाणी आत न शिरणारा) डबा, सगळे ग्लँड, म्हणजे केबल आत घ्यायची घट्ट बुचं, खालच्या बाजूने, वरून एकही भोक नाही, आणि डब्यातल्या उष्णतेसाठी तक्त्यात दिलेला कमी करंट धरायचा.

महावितरणचे लोक ज्या आयसोलेटरचा आग्रह धरतात तो वेगळा, एसी बाजूचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांत तो आहे: उघडलेला डोळ्यांना दिसावा, कुलूप लागावं, त्यांना कधीही पोचता यावं, जमिनीपासून किमान २.४४ मीटर उंच. चालू करंट तोडायची क्षमता त्याला असेलच असं नाही, म्हणून इन्व्हर्टर थांबवूनच तो ओढायचा.

आणि वडिलांना एवढं नक्की सांगा: आयसोलेटर बंद केला तरी पॅनेलपासून त्याच्यापर्यंतची केबल दिवसभर जिवंतच असते. एमसी४ जोड (पॅनेलच्या वायरींचे एकमेकांत अडकणारे जोड) करंट चालू असताना कधीही ओढायचे नाहीत. एमसीबी आणि पॅनेलच्या स्टिकरचे फोटो इथे टाका, आकडे तपासून देतो.